पुढे न आलेली आई

अविधवा नवमीला शाल्मलीच्या घरी दर वर्षी एक सवाष्ण जेवायला यायची आणि आईच्या नावाने पाटावर बसायची. यंदा निमिषाला बोलावलं होतं. शाल्मलीची ही मैत्रीण जनुककेंद्रात चेहरे जुळवण्याचं काम करी. ओटी भरून झाल्यावर तिने पाटाशेजारी, तांब्याला टेकवून, एक काचपाटी उभी केली. समोर खुर्चीत बाबा बसले होते. काच धुकटली आणि धुक्यातून एक बाई हळूहळू वर आली, डोहाच्या तळातून यावी तशी.

शाल्मलीला आई आठवत नव्हती. ती दीड वर्षाची आणि थोरला भाऊ कौस्तुभ जेमतेम तीन वर्षांचा असताना आई पुरात गेली. असतील नसतील ते फोटो बाबांच्या फोनमध्ये होते. तोही त्याच पाण्यात गेला. आईला ओळखू शकतील असे आता एकटे बाबा उरले होते, आणि त्यांना हल्ली माणसं विसरायला होत होतं.

जनुकांवरून चेहरा जुळवण्याची पद्धत तशी सोपी होती. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यातली एक आईकडून मिळते, एक बापाकडून. मुलातून बापाची प्रत वगळली की आईची उरते. पण आईच्या स्वतःच्याही दोन प्रती, आणि मुलाला ती त्यातली एकच देते; म्हणून शाल्मलीत अर्धीच आई होती. थोरल्या कौस्तुभने लाळेची नळी पाठवताना बजावलं होतं, की आईला त्याचं नाक आलं तर दोष त्याला द्यायचा नाही. पण बऱ्याच ठिकाणी दोघा भावंडांना आईची तीच प्रत मिळाली होती. दोघं मिळून आई जेमतेम पाऊण भरली. उरलेला चतुर्थांश कुणाकडे आलाच नव्हता.

त्या चतुर्थांशामुळे चेहरा ठरत नव्हता. भुवया दाट व्हायच्या, विरळ व्हायच्या. हनुवटी लाटेसारखी हलायची. निमिषा उजव्या हाताने अळूवडी खात होती आणि डाव्या हाताने काचेवरून बोट फिरवत होती. बाबा म्हणतील तिथे ती थांबे. भुवया ठरल्या, ओठ ठरले.

मग बाबा म्हणाले, "खळी कुठे गेली? डाव्या गालावर खळी होती तिला."

शाल्मलीचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या गालाकडे गेला. ती वाढायला वाकली, तेव्हा निमिषा तिच्या कानाशी कुजबुजली, "तुझी खळी तुझ्या बाबांकडून आलीय. दाढीखाली दिसत नाही, एवढंच. आईची जी प्रत तुम्हाला मिळाली, तिच्यात खळी नाही."

"म्हणजे आई म्हणून त्यांना मीच आठवतेय?"

"किंवा तिला खरंच होती, आणि ती प्रत तिने तुम्हा दोघांपैकी कुणालाच दिली नाही. यंत्राला दोन्ही सारखंच. घालू की नको?"

शाल्मलीने काचेकडे पाहिलं. खळीवाचूनची ती बाई शांत होती, सुंदर होती, आणि बाबा तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसे संकोचून पाहत होते.

"घाल."

चेहरा हलायचा थांबला. बाई हसली. बाबा खुर्चीतून पुढे झुकले, त्यांनी पंच्याच्या टोकाने काचेवरचं धुकं पुसलं.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं.

काचेतली बाई, पाटावर बसलेली निमिषा, मागे वाडगं घेऊन उभी शाल्मली. बाबांची नजर तिघींवरून फिरली आणि वाट पाहत राहिली. उत्तर कुणी द्यायचं?