लुआन मास्तर नावाचं वाण

छांगछुनच्या फुलबाजारात हिवाळ्यातल्या रविवारी जी झुंबड उडते ती फुलांसाठी नसते. क्लिव्हिया या कुंडीतल्या झाडाची फुलं बघत बसणारा माणूस आमच्याकडे अडाणी समजला जातो. किंमत पानांची. पान किती रुंद, शिरा किती उठावदार, बाजूने पाहिल्यावर सगळी पानं एका रेषेत उभी आहेत की नाहीत. या झाडाच्या आमच्या नावाचा अर्थ 'सज्जन' असा होतो. त्याच्यापायी सख्ख्या भावांना एकमेकांच्या कानाचे लचके तोडताना मी पाहिलं आहे.

मी लुआन. वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आणि वाण ओळखणाऱ्या समितीचा प्रमुख. लोक दुलईत गुंडाळून कुंड्या आणतात. "मास्तर, हा अस्सल 'भिक्षू' वाणाचाच ना?"

मी पान उजेडाला धरतो. "हा भिक्षू असेल, तर संन्यासाआधी बराच उंडारलेला दिसतो."

सगळे हसतात. मालक हसत नाही.

आमच्याकडे वाणाला पाळणाऱ्याच्या धंद्यावरून नाव पडतं. मठातल्याचा तो भिक्षू, घाण्यावाल्याचा तो तेली, मग रंगारी. असले लोक अमर होऊन बसले, आणि ज्याने त्यांच्या वंशावळी लावल्या त्या माझ्या नावाचं एक रोप नव्हतं. सत्तरी उलटली होती. हे एवढंच मला हवं होतं.

अशात दिंगताई आली. ती सार्वजनिक न्हाणीघरात बायकांची अंगं घासते. हात उकडलेल्या कोबीसारखे. तिने दुलई सोडली आणि मी तयार ठेवलेला विनोद तोंडातच राहिला. तळव्याएवढं रुंद पान. खिडकीच्या जाळीसारख्या शिरा. बाजूने पाहिलं तर एकच रेघ. असं वाण मी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणतात याला?"

"बायका 'घासणारी' म्हणायला लागल्यात. म्हणूनच आणलंय. तुम्ही दुसरं काहीतरी नाव द्या."

"का? फुकटात अमर व्हाल की."

"माझ्या मामाच्या झाडाला लोक 'कुलूपवाला' म्हणायला लागले," ती हळू आवाजात म्हणाली. "मग मामाला काय हाक मारायची, तेच कुणाला आठवेना. मामीलासुद्धा."

"वय झालं की होतं असं."

"मामा एकतीस वर्षांचा होता, मास्तर. आणि आता मला हाक मारताना बायका अडखळतात."

अशिक्षित माणसाला भीतीसुद्धा धड निवडता येत नाही. "ठीक आहे," मी उपकार केल्यासारखं म्हणालो, "माझं नाव देतो. लुआन मास्तर."

"समजून-उमजून देताय ना?"

"ताई, मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलंय."

"तेच तर," ती म्हणाली, आणि कुंडी माझ्याकडे सरकवली. पैसे घेतले नाहीत.

मी तिथेच नावाची पाटी मातीत खोचली. दाराशी पाववाला ओरडला, "ए दिंगताई, गरम पाव ने की!" ती थबकली आणि हमसून रडायला लागली. पावासाठी एवढं?

घरी बायको, फेंगछिन, म्हणाली, "तुझं नाव? म्हणजे आता हे झाडही जेवणात खोट काढणार!"

प्रदर्शनात झाडाला पहिलं बक्षीस मिळालं. गर्दी लोटली.

"लुआन मास्तरांचे खांदे बघा काय रुंद!"

"मान मात्र आखूड."

"आभारी आहे," मी मागून म्हणालो.

एक बाई वळली. "आजोबा, जरा बाजूला व्हा ना. लुआन मास्तर दिसत नाहीत."

मी झालो बाजूला. गर्दीला अक्कल नसते.

कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. पानांना चकाकी यावी म्हणून फेंगछिन ती बिअरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायची, देठाकडून टोकाकडे, एकाच दिशेने. पानं एका बाजूला झुकू नयेत म्हणून दर रविवारी कुंडी अर्धी फिरवायची. सगळेच तसं करतात.

"लुआन, तहान लागली?" माझ्याकडे पाठ करून तिने विचारलं.

"हो."

तिने कुंडीत पाणी घातलं.

नववर्षाला माझा जुना विद्यार्थी दारूची बाटली घेऊन आला. खिडकीपाशी जाऊन कमरेत वाकला. "मास्तर, तब्येत छान दिसतेय." चाळीस वर्षांपूर्वीही तो मठ्ठच होता. मग त्याने माझ्याकडे पाहत फेंगछिनला विचारलं, "हे कोण?"

तिने विचार केला. बराच वेळ केला.

"असतात इथे," ती म्हणाली.

विद्यार्थी गेल्यावर मी माझं नाव मोठ्याने उच्चारून पाहिलं. उच्चार स्वच्छ होता. पण झाडाबद्दल बोलल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून मी फिरती खुर्ची ओढून खिडकीशीच बसतो. ऊन बरं वाटतं. फेंगछिन मटणाचे मोमो वाफवते, दोन ताटल्या मांडते, एक कुंडीसमोर ठेवते. म्हातारपणी बायका हळव्या होतात. मला भूक नसते. पाणी पुरतं.

काल रविवार होता. ती फडकं घेऊन आली.

माझे हात गुडघ्यांवर होते. तिने ते पुसले. मनगटाकडून बोटांकडे. एकाच दिशेने.

बिअरचा वास आला.

मग ती दोन पावलं मागे सरली, एक डोळा मिटून बाजूने पाहू लागली. मी ताठ बसलो.

"लुआन, बघ रे," ती कुंडीला म्हणाली, "हे एका बाजूला झुकायला लागलंय."

आणि तिने माझी खुर्ची अर्धी फिरवून भिंतीकडे केली.