बेहड्याची बुजलेली ढोली

"थांब! पुन्हा आला बघ!" श्यामने उल्काचा हात ओढला.

१९३२ सालची मे महिन्याची सुट्टी. उल्का, तिचा धाकटा भाऊ श्याम आणि शेजारची काशी रोज सकाळी रत्नागिरीच्या सरकारी बागेत पाखरं बघत हिंडत. आज बेहड्याच्या झाडावरचा धनेश भलतंच वागत होता. लांब वाकडी चोच खोडाशी नेऊन तो पिकलं उंबर पुढे करी, आणि उंबर खाली पडे. मग दुसरं. मग तिसरं.

"वेडाच आहे! खोडाला भरवतोय!" काशी खिदळली.

उल्काला हसू येईना. कालपर्यंत तिथे मातीने लिंपलेली ढोली होती, मातीत बोटभर फट होती. आज तिथे चुन्याचा ओला गिलावा!

"अगं, मादी आत आहे!" ती ओरडली. "पावसला मामाच्या बागेत पाहिलंय मी. अंडी घालायला ती ढोलीत शिरते, स्वतःला आत लिंपून घेते. नर फटीतून भरवतो!"

सखाराम माळी बादली धूत होता. त्याचा चेहरा उतरला. "आदल्या गवंड्याने काम अर्धं टाकलान, आसं वाटलं गो बाय! सगळ्या ढोल्या बुजव, म्हणाले ओव्हरसियरसायेब. सांजेला कलेक्टरसायेब येतायत."

"मग फोडा ना, सखारामदादा!"

"शिडी कोठीत, चावी सायबांकडं. माजी नोकरी जाईल!"

झाडाजवळ घातलेल्या मांडवापाशी ओव्हरसियर खुर्च्या मांडून घेत होते. काशीने धावत जाऊन सांगितलं, पण त्यांनी मान वर केली नाही. "झाडात कोंडलेलं पाखरू? गोष्टींची पुस्तकं कमी वाच, पोरी! चला, पळा!"

श्याम खोडावर चढू गेला आणि गुडघे सोलून खाली आला. उल्काने खोडाला कान लावला. काहीच ऐकू येईना. आपलंच चुकत असेल तर? आणि चुकत नसेल तर? ऊन चढत होतं. टप्, टप् उंबरं पडत होती, थेट झाडाखाली मांडलेल्या कलेक्टरसाहेबांच्या खुर्चीवर!

उल्का उठली, त्या खुर्चीपाशी गेली. साहेबलोकांसमोर तिचं तोंड कधी उघडत नसे.

"सा... साहेब, इथे बसलं की सगळी बाग दिसते का, बघता?"

"हं! हे मात्र शहाण्यासारखं बोललीस!" ते ऐटीत बसले.

पच्च! उंबर पांढऱ्याशुभ्र फेट्यावर फुटलं.

"कोण रे तो?" त्यांनी रागाने वर पाहिलं. धनेश दुसरं उंबर गिलाव्यापुढे धरून होता.

ओव्हरसियर बघतच राहिले. "कुणाला देतोय हा?"

"आत त्याची बायको आहे, साहेब," उल्का पुटपुटली.

त्यांनी खिशातून कोठीची चावी काढून फेकली. "सखाराम! शिडी आण! पळ!"

सखारामने छिन्नीने बोटभरच फट पाडली. सगळे लांब जाऊन उभे राहिले. आत हालचाल नाही. धनेश आला, उंबर धरून बसला, निघून गेला. काशी मुकाट्याने रडत होती. आता करण्यासारखं कुणाच्याच हातात काही नव्हतं.

तो पुन्हा आला. वाट पाहत राहिला. आणि फटीतून चोचीचं टोक हळूच बाहेर आलं!

"घेतलं! घेतलंन!" श्याम नाचू लागला.

ओव्हरसियरनी उल्काच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी! पन्नाशी उलटली तरी मला दिसलं नव्हतं हे." मग त्यांनी स्वतःच साहेबांची खुर्ची उचलली. "कलेक्टरसाहेब तिकडे बसतील. इथे घरच्यांचं जेवण चाललंय."