शिमग्यातली गाबोळी

होळीच्या सकाळी हेमांगीने विळीवर बांगड्याचं पोट चिरलं आणि तिचा हात थांबला. आत गाबोळी होती (माशाच्या पोटातली अंड्यांची पिशवी). चांगली टपोरी, गच्च भरलेली. तिने दुसरा बांगडा चिरला. त्यातही गाबोळी.

सन २०६१ मधल्या सुरवेळ बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की बांगडा गाबोळी धरतो पावसाळ्यात. म्हणून तर ज्येष्ठात होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत कुणी जाळं भिजवत नाही. मग फाल्गुनात ही गाबोळी कुठून आली?

"बाबा, हे बघा."

तिचे बाबा, हरेश नाखवा, (नाखवा म्हणजे होडीचा मुख्य) आज फार खुशीत होते. गेली तीन वर्षं बांगडा जवळजवळ नाहीसा झाला होता. शिमग्यासाठी घरी परतताना काल त्यांना काळ्या खडकापलीकडच्या खोल पाण्यात त्याचा मोठा थवा सापडला होता.

"गाबोळी आहे तर तळ की," ते म्हणाले. "धुळवड झाली की परवा पहाटे सगळं बंदर तिथेच जाळी टाकणार. मग रोज गाबोळी खा." जाता जाता त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. "आणि ते आंबोळीचं पीठ आवर आधी. रात्री भिजवलं, सकाळी पातेल्याबाहेर. माझी आजी म्हणायची, पौषात दुपार झाली तरी फुगत नाही. आता पौषातही पळतंय."

हेमांगीने पीठ पुसलं, पण डोक्यातून गाबोळी जाईना. परवा सगळ्या होड्या गेल्या, तर हे सगळे मासे अंडी घालायच्या आधीच टोपलीत येतील. मग पुढच्या वर्षी बांगडा येणार कुठून?

ती धक्क्यावर कालिंदीआत्याच्या प्रयोगशाळेत धावली. आत्या समुद्रशास्त्रज्ञ होती, आणि वाकटी तिची मदतनीस. वाकटी म्हणजे चांदीच्या पट्टीसारखी लांबलचक, पोहणारी, बोलणारी यंत्रमासळी. शिमग्याला बंदरातली प्रत्येक होडी घरी येते, तिची पूजा होते. वाकटीचीही झाली होती. ती फळीवर आडवी होती, नाकाडावर कुंकू, गळ्यात झेंडूचा हार.

"वाकटी, आपल्याकडे बांगडा अंडी घालतो का गं?"

"सलग तीन श्रावण मी जुन्या जागी पाहणी केली," वाकटी म्हणाली. "अंडी नाहीत. निष्कर्ष: बांगडा इथे अंडी घालत नाही."

"आणि फाल्गुनात?"

"फाल्गुनात मी पाण्यात नसते. मला हार असतो."

आत्याचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. हेमांगीने खिशातून केळीच्या पानात गुंडाळलेली गाबोळी काढून टेबलावर ठेवली. आत्याने ती बोटाने दाबून पाहिली आणि ती हसायला लागली.

"शिमग्यात आपण सगळे किनाऱ्यावर, यंत्रसुद्धा. त्या दिवसांत दर्यात डोकावलंच नाही कुणी. बस इथे. मासा शीतरक्ती असतो (म्हणजे त्याच्या अंगाची उष्णता भोवतालच्या पाण्याइतकीच राहते). आपण उन्हात असलो काय, सावलीत असलो काय, आतून तेवढेच गरम असतो. माशाचं तसं नाही. पाणी तापलं की तोही आतून तापतो. अंडी कधी पिकायची, हे त्याचं शरीर दिवसाच्या लांबीवरून, खाण्यावरून आणि मुख्य म्हणजे पाण्याच्या उबेवरून ठरवतं. आता जी ऊब..."

"आंबोळीचं पीठ," हेमांगी म्हणाली.

"काय?"

"पीठ पंचांग बघत नाही, ऊब बघतं. ऊब लवकर मिळाली की लवकर फुगतं. गाबोळीचंही तसंच झालं."

आत्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "हे मला सुचायला हवं होतं."

"पण मग तो खोल पाण्यात का गेला?"

"उन्हात ठेवलेला सोडा पिऊन बघितलायस?"

"पाणचट लागतो. त्यातला वायू उडून जातो."

"तसाच तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. माशाचा वरच्या पाण्यात जीव घुसमटतो. मग काही मासे थंड पाण्याच्या शोधात उत्तरेला सरकतात, काही खाली उतरतात. आणि दक्षिणेकडे असायची ती तारली मासळी आता आपल्या जाळ्यात येते. पण हा नुसता अंदाज झाला. अंदाज खरा असेल, तर खडकापलीकडे काय काय दिसायला हवं?"

हेमांगीने विचार केला. "खाली थंड पाण्यात बांगडे. आणि वर अंडी, कारण बांगड्याची अंडी तरंगतात."

"जा, हार काढ तिचा."

"पूजेनंतर पाचव्या दिवशी हार काढतात," वाकटी म्हणाली.

"दर्या रागावणार नाही," आत्या म्हणाली. "त्याचंच काम आहे."

दुपारभर दोघी पडद्यासमोर बसल्या. वाकटी खाली खाली जात होती आणि पाण्याचं तापमान सांगत होती. वर एकतीस अंश. खाली सव्वीस. तिथे पडद्यावर अचानक चांदीच चांदी पसरली. हजारो बांगडे एका दिशेने वळत होते. मग वाकटी वर आली, तिने पाणी गाळलं आणि पडदा बारीक, पारदर्शक, मण्यांसारख्या ठिपक्यांनी भरून गेला.

"अंडी," वाकटी म्हणाली. "माझा आधीचा निष्कर्ष मी मागे घेते."

संध्याकाळी होळीभोवती सगळं बंदर जमलं. हेमांगीने बाबांना पडद्यावरची चित्रं दाखवली.

"माझ्या आजाच्या काळापासून बांगडा श्रावणात अंडी घालतो," बाबा म्हणाले.

"आजाच्या काळात पीठ पौषात पळत होतं का?" हेमांगीने विचारलं.

मागून एक म्हातारा खलाशी म्हणाला, "कालिंदे, तुझी भाची तुझ्यावर गेली."

"म्हणजे डोक्याने. आवाज तिच्या बापाचा आहे," आत्या म्हणाली. "दादा, तीन आठवडे द्या बांगड्यांना. आत्ता कुठे अंडी घालायला लागलेत."

"तीन आठवडे खायचं काय?" कुणीतरी विचारलं. प्रश्न खरा होता. तीन वर्षांनी दर्याने हात पुढे केला होता, आणि तोच हात सोडायचा होता.

बाबांनी एक गोवरी जाळात सरकवली.

"पावसाळ्यात आपण जाळं का टाकत नाही?" ते शेवटी म्हणाले. "मासळी बाळंत असते म्हणून. तिने महिना बदलला, तर रीत बदलायची की मोडायची?" त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "यंदा शिमगा तीन आठवडे. सुकट खाऊ. माझ्या घरात आहे ती सगळ्यांची. ज्याला गाबोळी खायचीय, त्याने आधी माझ्या पोरीशी बोलावं."

आधी कुणी हसलं, मग कुणीतरी ढोल वाजवला.

तीन आठवडे एकही होडी खडकापलीकडे गेली नाही. काहींनी कुरकुर केली, सुकटीला नावं ठेवली, पण गेलं कुणी नाही. वाकटी रोज सांगायची: अंडी फुटली. पिल्लं प्लवक खाताहेत (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव). पिल्लं नखाएवढी झाली.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच दिवशी बाबांचं जाळं इतकं जड झालं, की शेजारच्या होडीला हाक मारावी लागली. जाळ्यात वीतभर लांबीचे, तरणे बांगडे होते. चार वर्षांत असे कुणी पाहिले नव्हते. होड्या धक्क्याला लागल्या तेव्हा बाबांनी पहिली टोपली हेमांगीच्या पायाशी ठेवली.

"मोज," ते म्हणाले.

"मोजता येणार नाही, बाबा. फार आहेत."

महिन्याभरात शेजारची दोन बंदरं आत्याकडे आली. त्यांना आपली मासळी कधी अंडी घालते ते शोधायचं होतं. हेमांगीने त्यांना आधी विचारलं, "तुम्ही कोणत्या दिवसांत दर्यात बघत नाही? तिथून सुरुवात करा."

पुढच्या शिमग्याला सगळ्या होड्या किनाऱ्यावर होत्या, सजलेल्या, कुंकू लावलेल्या. वाकटीचा झेंडूचा हार मात्र धक्क्याच्या खांबाला टांगला होता. ती स्वतः काळ्या खडकापलीकडे होती, कामावर.