ओपिओचा पट्टा

कंपालात बांधकामांची सुरक्षा तपासायला मी गेले, की माझ्याआधी हेल्मेटं जिना चढतात. न्टिंडा भागातल्या त्या इमारतीतही तेच. तळमजल्यावर पाहिलेलं तडा गेलेलं पिवळं हेल्मेट तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच डोक्यावर भेटलं. मुकादम टुमुसिमे तोंडभर हसत होता. असली माणसं मला रोज भेटतात. हसतात, सोडा पाजतात आणि माणसं मारतात.

सहाव्या मजल्याच्या उघड्या कडेला लुबेगा नावाचा गवंडी दोराविना ओणवा होऊन गिलावा करत होता. शेजारच्या खांबाला सेफ्टी बेल्टचा दोर अडकवलेला. दोर कडेवरून खाली गेला होता, ताठ. मी वाकून पाहिलं. टोकाला पट्टा होता, बकल लावलेला, आणि रिकामा.

"हा कुणाचा?"

"ओपिओचा," लुबेगा म्हणाला.

"कुठाय तो?"

"पडला की इथून, मागच्या पावसाळ्यात. तेव्हा पट्टा नव्हता, मॅडम. नंतर आणला."

मेलेल्याला पट्टा आणि जिवंत माणूस तसाच! मला टुमुसिमेची किळस आली. "वर ओढा तो. याला घाला."

"मॅडम, तो नको. वापरात आहे. उद्या दुसरा आणतो ना!" टुमुसिमे म्हणाला.

"तुझा उद्या मला माहीत आहे. आत्ता घाला, नाहीतर काम बंद."

रिकामा पट्टा ओढायला तीन गवंडी लागले. नाटकी लेकाचे, मला वाटलं. पट्टा हाताला घामाने ओला आणि गरम लागला. मी स्वतः तो लुबेगाच्या अंगावर चढवला, बकल लावलं.

लुबेगा कडेकडे सरकला. पाय न उचलता.

"अरे, मागे ये!"

"मी स्वतः नाही जात, मॅडम! सोडवा!"

मी बकलाला झोंबले. ते उघडेना. त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

बकल सुटलं. पट्टा कडेवरून गेला आणि दोर हिसका बसून ताठ झाला.

लुबेगा खाली बसून रडायला लागला. टुमुसिमे आता हसत नव्हता.

"काम बंद," मी म्हणाले. आवाज फाटला माझा. "सगळे खाली चला."

थाप्या घमेल्यात टाकून सगळे माझ्यासमोरून जिना उतरले. लुबेगाला दोघांनी धरून नेलं. वर मी एकटीच उरले.

कडेच्या खाली, बाहेरच्या भिंतीवर, थापी घासल्याचा आवाज सुरू झाला. सावकाश, सफाईदार, हात बसलेल्या माणसाचा.