मैनासाठी मांडलेला पाट

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रचलेली म्हणू नका. यात माझ्या घरातलं माणूस गेलंय.

२८ ऑगस्ट १९९६. बुधवार. नारळी पौर्णिमा. गाव जोहे, तालुका पेण.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती. सगळं भर दिवसा घडलं.

माझ्या मुलीने, अपेक्षाने, मला फोनवर वाचकांच्या एका ग्रुपमध्ये घातलंय. तिथे दर रविवारी विचारतात, 'सध्या काय वाचताय? इतरांना काय सुचवाल?' लोक हौसेने पुस्तकांचे फोटो टाकतात. मी दोन वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाही. परवा एका बाईंनी टोमणा मारला, "अनिताताई नुसत्या बघ्या आहेत."

बघी नाही हो मी. मी घाबरते.

कारण एकदा मलाही कुणीतरी एक गोष्ट सुचवली होती.

जोह्यात आमचा गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, दुसरं काही नाही. चतुर्थीच्या आधी तीन महिने तिथे रंगकामाला आठ बायका यायच्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, पेणला कॉलेजात. येताना तिथल्या वाचनालयातून पुस्तक आणायचे.

जेवणं झाली की रंभावहिनीचा हुकूम सुटायचा.

"अनिता, घे पुस्तक."

वहिनी म्हणजे हरेशदादाची बायको. चौथी शिकलेली. पण गणपतीचे डोळे रंगवायचे, ज्याला आम्ही आखणी म्हणतो, त्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी प्लास्टरच्या गोणीवर बसून मोठ्याने वाचायचे आणि बायकांचे हात चालू राहायचे. आमच्याकडे गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागतो. ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं. हूं थांबला की सांगणाराही थांबतो.

त्या बायकांत एक मैना होती. धरमतरच्या खाडीकडची, मिठागरावर राबणारी. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून आमच्याकडे यायची. वहिनीची जिवाभावाची मैत्रीण. अक्षरओळख शून्य, पण गोष्टीचं वेड भारी. ऐकलेलं सगळं परतीच्या एस.टी.त बायकांना सांगायची आणि वर म्हणायची, "ऐकाच गो, लय भारी हाय."

१९९५ साली मी एक जाडजूड कादंबरी आणली होती. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे तिचं नाव कुणालाच माहीत नाही. पाऊण भाग झाला आणि मैनाने दोन दिवसांची सुट्टी मागितली. खाडीच्या बांधाला भगदाड पडलं होतं, माती टाकायला सगळं गाव जाणार होतं.

जाताना दारातून वळून म्हणाली, "माज्याबिगर पुढं वाचू नका गो." वहिनीने शब्द दिला, "नाय वाचत."

पहिल्या दिवशी आम्ही कशाबशा गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीला राहवेना.

"वाच गो. तिला सांगू नंतर."

मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

त्याच दुपारी उधाणाच्या भरतीत बांध गेला आणि मैना वाहून गेली. तिसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत सापडली.

वहिनीने वेळ जुळवून पाहिली होती. आम्ही शेवटचं पान वाचत होतो तेव्हाच ती गेली होती. पण मैनाच्या जाण्यापेक्षा तिला दिलेला शब्द मोडल्याचं वहिनीला जास्त लागलं. वर्षभर ती तेच बोलत राहिली.

पुढच्या मोसमाला वहिनीने मला तीच कादंबरी परत आणायला लावली. आणि शेडच्या डाव्या कोपऱ्यात एक पाट मांडला.

"मैना, बस गो. पहिल्यापासून वाचतोय."

धोंडुबाई आमच्यातली सगळ्यात म्हातारी, घरोघरी पोथी ऐकत आलेली बाई. तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"पोथीला पाट मांडतात तो मारुतीचा. पोथी सरली की तो उठतो. तू नाव घेऊन बसवलीस हिला. आता उठवनार कोन?"

"शेवट ऐकेल नि जाईल," वहिनी म्हणाली.

मला हसू आलं. कॉलेजात जात होते ना मी! शहाणपण उतू जात होतं.

चौथ्या दिवशी पाऊस फार होता म्हणून चारच बायका आल्या. मी वाचत होते. एका वाक्यापाशी थांबले. चार हूं आले...

आणि मग पाचवा.

उशिराने. कोपऱ्यातून. घशात पाणी असावं तसा.

मी मान वर केली. सगळ्या खाली मान घालून रंगवत होत्या. पत्र्याचा आवाज असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि पान उलटलं.

दोन दिवसांनी झाडताना पाटावर पांढरा थर दिसला. आमच्या शेडमध्ये पांढरं म्हणजे प्लास्टरच. हाताने झटकलं, पुस्तक उघडलं. पान उलटायला बोट जिभेला लावलं...

खारट.

मीठ होतं ते. ओलं मीठ.

मी वहिनीला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडावर आनंद होता. "आली म्हंजे. वाच, थांबू नको."

ऑगस्टच्या दहा-बारा तारखेला कादंबरी संपली. शेवटचं वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. कुणीच हूं म्हटलं नाही. पाऊसही थांबला होता. बाहेर बेडूक ओरडत होते, तेही एकदम गप्प झाले.

मग पाट सरकला...

दाराकडे नाही. वहिनीकडे. वीतभर.

दुसऱ्या दिवसापासून मी वाचन बंद केलं. पाट उचलला, फोडला आणि चुलीत घातला. दुपारी काम चालू झालं. शेडमध्ये कुणी बोलत नव्हतं. आणि आखणी करता करता वहिनी म्हणाली...

"हूं."

थोड्या वेळाने परत. "हूं." मग हसली. मग तिचा श्वास अडकला आणि डोळे भरले. पण हूं देत राहिली.

चार दिवसांनी बाबांनी मला हाक मारली. बाबा, म्हणजे महिपती, तोंडाचे फटकळ. पण त्या दिवशी आवाज अगदी बारीक होता.

"अनिता, हे डोले बग."

वहिनीने आखलेले चाळीस गणपती रांगेत होते. गणपती समोर बघतो, भक्ताकडे. हे सगळे...

डाव्या कोपऱ्याकडे बघत होते. पाट होता तिथे.

मी वहिनीला विहिरीवर गाठलं आणि खडसावलं. ती चिडली नाही. उलट आनंदाने माझा हात धरला.

"मैना सांगतेय गो. आपन तिला गोष्ट ऐकवली, आता ती मला ऐकवतेय. पुस्तकातली नाय ही. अनिता, तू ऐकच. लय भारी हाय."

आणि तिने मला सुरुवात सांगितली.

ती गोष्ट मी इथे लिहिणार नाही. एक ओळसुद्धा नाही. माझ्यावर रागवा, पण विचारू नका. एवढंच सांगते, तशी गोष्ट मी त्याआधी कधी वाचली नव्हती आणि नंतरही नाही. कळशी तशीच रिकामी राहिली, मला भान नव्हतं. मी कधी हूं म्हणायला लागले तेही कळलं नाही.

मग रोज संध्याकाळी विहिरीवर. मैना तिला जेवढं सांगायची, तेवढं ती मला.

तरी दादाला सांगितलं मी. तो ट्रक आणि व्यापाऱ्यांत बुडालेला. "चतुर्थी होऊ दे, पेणला डॉक्टरला दाखवू." धोंडुबाईच्या पाया पडले, म्हटलं, काहीतरी उपाय सांग. ती म्हणाली,

"पुस्तक मिटता येतं पोरी. सांगनाऱ्याचं तोंड कसं मिटशील?"

२७ तारखेला वहिनी विहिरीवर म्हणाली, "शेवट तेवढा राहिला. तो ती इथं सांगत नाय. उद्या बांधावर ये म्हनते. ऐकून येते नि तुला सांगते."

आता जे लिहितेय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दादाला नाही, नवऱ्याला नाही.

दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा. वहिनी घरात म्हणाली, पेणला भावाला राखी बांधून येते. ती कुठे चाललीय ते मला माहीत होतं. उधाणाचा दिवस आहे, तेही माहीत होतं. एक हाक मारली असती तर दादाने तिला खोलीत कोंडलं असतं.

मी हाक मारली नाही.

मला शेवट हवा होता.

एस.टी.पर्यंत मीच सोडायला गेले तिला. खिडकीतून म्हणाली, "सांजच्याला विहिरीवर ये." मी हसून मान हलवली.

संध्याकाळी मी विहिरीवर गेले. अंधार पडेपर्यंत बसले.

धरमतरचा एक नाथा म्हणून कोळी होता. नारळ सोडायला सकाळी खाडीवर आलेला. त्याने दादाला जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"बाय बसली व्हती बांधावर. येकटीच. हूं हूं करीत व्हती. पानी चढाया लागलं तसा मी बोंबललो, ऊठ गो बाय, भरती आलीय. तं तिनं हात वर केला नि म्हनली, थांब, सरतच आलीय. मी होडी वळवली, तवर..."

बांधावर राखीचा पुडा सापडला. वहिनी सापडली नाही. दादाने चतुर्थीपर्यंत खाडी पालथी घातली आणि त्यानंतर तो माणसात राहिला नाही. त्या वर्षी ते चाळीस गणपती कुणी नेले नाहीत.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी रोह्याला आले. नवरा कंपनीत शिफ्टला. पहिल्याच आठवड्यात दुपारी एकटी तांदूळ निवडत होते. बाहेर रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, सगळं नेहमीसारखं. मग एकदम सगळं बंद झालं...

"अनिता, ऐकतेस ना गो?"

वहिनीचा आवाज. घशात पाणी असलेला. आणि तिने विहिरीवर जिथे थांबवली होती, तिथून गोष्ट पुढे चालू केली.

मी पदर तोंडात कोंबला. हूं द्यायचा नाही. हूं दिला की ती सांगत जाईल आणि मग बांधावर ये म्हणेल. तेव्हापासून आजपर्यंत मी दुपारी घरात एकटी राहत नाही. नारळी पौर्णिमेला दाराला आतून कुलूप लावून किल्ली नवऱ्याकडे देते. त्याला वाटतं, बाईला कसलंतरी व्रत आहे. पुस्तक हातात धरवत नाही मला.

भीती वाटतेच. पण खोटं कशाला बोलू? भीतीपेक्षा मला अजून शेवट हवा आहे. रोज हवा आहे.

गेल्या रविवारी जेवण झाल्यावर माझा डोळा लागला. जाग आली तर अपेक्षा उशाशी बसलेली, चहा हातात तसाच गार झालेला. तिचे डोळे चमकत होते.

"आई, तू झोपेत बोलत होतीस. काय गोष्ट आहे गं! तासभर ऐकत बसले मी. कुठलं पुस्तक आहे? ग्रुपवर सुचवू का?"

माझ्या तोंडाला कोरड पडली. ओठांवरून जीभ फिरवली...

खारट लागली.

"तू... हूं दिलास का, अपेक्षा?"

ती हसली. "दिला की. नाहीतर तू थांबत होतीस."

मी तिला शपथ घातली, पुन्हा हूं द्यायचा नाही. मैनाचं, वहिनीचं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझे पाय चेपले, डॉक्टरांचं नाव काढलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

पण काल दुपारी ती भांडी पुसत होती. घरात दुसरा आवाज नव्हता. मी दारात उभी होते, तिची पाठ माझ्याकडे. थोड्या थोड्या वेळाने ती हळूच म्हणत होती...

"हूं."

मी हाक मारली. तिने वळून बघितलं. चेहरा अगदी साधा, रोजचाच.

"आई," ती म्हणाली, "धरमतरला जायचं तर वडखळला उतरावं लागतं ना गं?"