बाजूला व्हा, ‘एस्थर’ येतेय!

“मेल्या, डोळे आहेत की बटणं!”

उर्वीच्या तोंडून हे निघालं ते अगदी बिनधास्त. सिडनीच्या बंदरातल्या त्या जुन्या गोदीच्या धक्क्यावर मराठी कळणार होतं कुणाला? धक्क्याला लागलेल्या बुटक्या टगबोटीच्या चिमणीतून काळा धूर भसकन बाहेर आला होता, आणि काजळीचे कण… भुरभुर, भुरभुर… थेट तिच्या पांढऱ्याशुभ्र साडीवर उतरले होते.

बोटीच्या पोटातून एक डोकं वर आलं. घामानं कपाळाला चिकटलेले केस, गालावर कोळसा, गळ्यात लाल रुमाल.

“आहेत ना डोळे,” तो म्हणाला. स्वच्छ पुणेरी मराठीत. “लक्ष तुमच्याकडे गेलं आणि एक फावडं कोळसा जास्तच पडला.”

उर्वीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धक्का लाकडाचा होता आणि खाली समुद्र होता.

“‘मेल्या’ म्हटल्यावर ‘तुमच्याकडे’ कसलं?” ती कशीबशी म्हणाली. “तू म्हण.”

“मग तू. मी हृषिकेश. टूनगॅबीत राहतो, पॅरामॅटात आयटीत आहे. शनिवारी मात्र इथे भट्टी पेटवतो.” त्याची नजर तिच्या साडीच्या निळ्या काठावर थांबली. “ही साडी… नौदलाची?”

उर्वी बघतच राहिली. सकाळपासून तिला सगळ्यांनी ‘बॉलिवूड?’ एवढंच विचारलं होतं. आज गोदीत चाळीसच्या दशकाचा महोत्सव होता. खाकी गणवेश, ठिपक्यांचे फ्रॉक, ट्रम्पेटवर वाजणारी त्या काळची गाणी, डबाबंद मटणाचे सँडविच. सिडनीतच गिरावीनला राहणाऱ्या श्रियानं, तिच्या मैत्रिणीनं, तिला वॉलॉंगॉंगहून ट्रेननं ओढून आणलं होतं. ठिपक्यांचा फ्रॉक सगळेच घालणार, म्हणून उर्वीनं वेगळं काही शोधलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी नौदलात बायका होत्या आणि त्यांचा गणवेश होता साडी! काठ तिनं स्वतः शिवून लावला होता.

“तुला कसं माहीत?”

“दोन वर्षं हे इंजिन दुरुस्त करतोय. त्या काळातलं मिळेल ते वाचतो.” तो हसला. कोळशात दात फारच पांढरे दिसत होते. “आज ही ‘एस्थर’ दुरुस्तीनंतर पहिल्यांदा स्वतःच्या वाफेवर निघणार. बघायला थांबशील?”

“साडी खराब करून वर आमंत्रण?”

“काजळी झटक, चोळू नकोस. निघेल. नाही निघाली तर…”

“तर?”

“तर धुवायला मी वॉलॉंगॉंगला येईन.”

“मी वॉलॉंगॉंगला राहते हे मी कधी सांगितलं?”

“तुझ्या मैत्रिणीनं. मघाशी. मी विचारलं होतं.”

शेजारी उभी श्रिया समुद्राकडे इतक्या एकाग्रतेनं बघायला लागली, की जणू तिनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता.

*

खरा घोळ दुपारी झाला.

‘एस्थर’च्या पहिल्या फेरीची मानकरी होती नोरा. शंभरीला टेकलेली, युद्धात नौदलात झेंड्यांनी निरोप देणारी सिग्नलवाली, याच धक्क्यावर उभी राहायची ती. केस छान कुरळे करून, लाल लिपस्टिक लावून, ती चाकाच्या खुर्चीत बसून आली. आणि बोटीवर चढायची फळी इतकी अरुंद निघाली की खुर्ची काही केल्या जाईना.

“सॉरी, नोरा,” आयोजकांपैकी एकजण म्हणाला. “आम्ही तुम्हाला धक्क्यावरच मस्त जागा देऊ.”

नोराचा चेहरा असा उतरला, की उर्वीला राहवलं नाही. ती फिजिओथेरपिस्ट होती. रोज हॉस्पिटलात माणसांना पुन्हा चालायला लावायचं, हेच तिचं काम.

“तुम्ही उभ्या राहता का?”

“बाथरूमपर्यंत जाते. राणीसारखी हळूहळू, पण जाते.”

“मग ही फळी बाथरूमपेक्षा लांब नाही.”

आयोजक काही बोलायच्या आत उर्वीनं पदर कमरेला खोचला, नोराच्या कमरेचा पट्टा मागून घट्ट धरला आणि दुसरा हात तिच्या हाताखाली दिला. फळीच्या वरच्या टोकाशी हृषिकेश हात पुढे करून उभा होता.

“चांगला पाय आधी. हं… आता दुसरा. खाली बघू नका, त्याच्याकडे बघा.”

“बघतेय,” नोरा धापा टाकत म्हणाली. “बघण्यासारखा आहे.”

उर्वीला हसू आवरेना. हृषिकेशचे कान कोळशाखालीही लाल झालेले तिला दिसले. फळी हलली… आणि नोराचं पाऊल डेकवर पडलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सीगल उडाले.

नोराला सुकाणूच्या केबिनमध्ये बसवलं. तिथे भिंतीला एक पितळी नळी होती, थेट खाली इंजिनाशी उतरणारी. वरून बोललं की खाली ऐकू जायचं आणि खालचं वर.

पण ‘एस्थर’ हलेना. वाफेचा काटा अर्ध्यावर येऊन अडला. कुठल्याशा झडपेतून वाफ गळत होती. ओहोटी लागली होती, पाणी उतरायच्या आत निघायला हवं होतं. कॅप्टननं घड्याळ बघितलं, मग शेजारी उभ्या डिझेलच्या नव्या बोटीकडे.

“अजून थोडा वेळ बघू,” तो म्हणाला. “नाहीतर ती आपल्याला ओढून फिरवून आणेल. लोकांना फेरी झाल्याशी मतलब.”

“मला नाही,” नोरा ठणकावून म्हणाली. “ओढूनच न्यायचं असेल तर मी उतरते. आणि उतरताना ही फळी मोडूनच उतरते.”

उर्वीनं नळीशी तोंड नेलं. “हृषिकेश? काय चाललंय खाली?”

वर आला तो आधी फावड्याचा खणखणाट, मग धाप. “झडप आवळतोय. हाताला चटके… तू बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. बरं वाटतं.”

उर्वीनं डोळे मिटले. दोन वर्षांत या देशात ‘बोलत राहा’ असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. काम, ट्रेन, खोली, पुन्हा काम. घरी आईला ‘सगळं छान आहे’. बोलायचं साचलं होतं कितीतरी.

“माझ्या खोलीतून समुद्र दिसतो,” ती हळू म्हणाली. “पण एकटीनं बघायचा कंटाळा आलाय. मला धड पोळ्या येत नाहीत. आणि साडीला काठ शिवताना मला वाटलं होतं, सगळे हसतील… तू एकट्यानंच ओळखलीस. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय,” आवाज आला. एकदम मऊ. मग ठणठणाट, मग एक शीळ, मग त्याची आरोळी, “धरली! उर्वी, झडप धरली! काटा बघ!”

काटा थरथरला. चढला. कॅप्टननं भोंग्याची दोरी खेचली आणि ‘एस्थर’ अशी गर्जली की धक्क्यावरचा बँड वाजवायचं विसरला. पाण्याखाली पंखा फिरला, दोर सुटले, आणि ती बुटकी, म्हातारी, काळीकुट्ट बोट स्वतःच्या जोरावर बंदरात निघाली.

“आता मला उभी कर,” नोरा म्हणाली.

उर्वीनं तिला केबिनबाहेर आणून कठड्याशी उभं केलं आणि मागून तिच्या पाठीला आपला टेकू दिला. नोरानं दोन्ही हातांत झेंडे घेतले. आधी ते नुसते तोलून पाहिले. मग खांदे सरळ झाले, आणि ते हात असे फिरू लागले जसे काल दुपारीच शेवटचे फिरले असावेत. एकेका खुणेला एकेक अक्षर.

“काय सांगताय तुम्ही?” उर्वीनं तिच्या कानाशी विचारलं.

“बाजूला व्हा, ‘एस्थर’ येतेय.”

धक्क्यावर नौदलाच्या कॅडेट मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांच्यातली एक पुढे आली. तिचेही झेंडे फिरले. नोरा डोळे बारीक करून वाचत होती, आणि वाचता वाचता तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

“रस्ता मोकळा आहे, म्हणतेय. वेलकम होम, म्हणतेय.”

*

परतीच्या वाटेवर नोरा दमून केबिनमध्ये, नळीशेजारी बसली होती. नळीतून खोकला ऐकू आला.

“नळीपाशी तूच आहेस ना?”

“येस,” प्रश्न न कळताच नोरा उर्वीच्या आधी म्हणाली.

“मग ऐक, मधे बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही,” हृषिकेश मराठीत सुरू झाला. “एका दिवसात असं होत नाही म्हणतात. होतं. मला झालंय. तू त्या फळीवर नोराला धरून येत होतीस ना… तेव्हाच. तुला एकटीनं समुद्र बघायचा कंटाळा आलाय. मला वॉलॉंगॉंगची ट्रेन माहीत आहे. पोळ्या मला येतात. उर्वी… मला तू फार आवडलीस. बस. झालं.”

कॅप्टनला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी तो मिशीत हसत होता.

“काय म्हणतोय?” नोरानं विचारलं.

“इंजिनाचं… सांगतोय काहीतरी.” उर्वीचा चेहरा तापला होता.

“इंजिनाचं सांगताना कुणाचा आवाज असा कापत नाही. उत्तर दे. सिग्नल आला की उत्तर द्यायचं, नियम आहे तो.”

उर्वी नळीवर वाकली. एकच शब्द बोलली, तोही इतका हळू की तिचा तिलाच जेमतेम ऐकू आला.

बोट धक्क्याला लागली. शिट्ट्या, टाळ्या, बँड, श्रियाचं नाचणं… नोरा उर्वीच्या हाताला धरून, चालत, फळी उतरली. गर्दीनं तिला उचलायचंच बाकी ठेवलं. मागून हृषिकेश बाहेर आला आणि फळीच्या टोकाशीच थबकला.

“उर्वी!” त्यानं तिथूनच हाक मारली. “भट्टीच्या आवाजात मला तुझं उत्तर ऐकूच आलं नाही!”

माणसं वळून बघायला लागली. कालची उर्वी असती तर गर्दीत शिरून दिसेनाशी झाली असती. आजची उर्वी मागे वळली, तरातरा फळी चढून त्याच्यासमोर उभी राहिली.

“हो म्हटलं!”

“काय?”

“हो! हो म्हटलं रे, हो!” ती ओरडली, साऱ्या बंदराला ऐकू जाईल अशी. “आवडतोस तू मला!”

श्रिया सोडली तर शब्द कुणाला कळले नाहीत. पण अर्थ मात्र धक्क्यावरच्या झाडून सगळ्यांना कळला असावा, कारण त्या दुपारची सगळ्यात मोठी आरोळी तेव्हाच उठली.