दोन गाण्यांमधली बाई

बाबा गेल्यावर त्यांच्या तबकड्यांचं काय करायचं, यावरून माझं आणि दादाचं जोरदार वाजलं. दादाचं म्हणणं सरळ होतं. यातलं प्रत्येक गाणं फोनवर मिळतं, बोट लावलं की डाउनलोड होतं, मग भिंतभर कपाट कशाला अडवायचं? बाबांचं घर रिकामं करून द्यायचं होतं, आणि दादाच्या घरात जागा नव्हती. माझ्या घरात तर माझीच कशीबशी सोय होते. तरी मी अडून बसले. दादा म्हणाला, तुझं पोट या भंगारावर चालतं, म्हणून तुला एवढा पुळका.

पोट चालतं हे खरंच आहे. जुन्या तबकड्या आणि कॅसेटी फाइलमध्ये उतरवून देणं हे माझं काम. रस्त्याला लागून छोटंसं दुकान आणि मागे भिंतींना जाड फोम लावलेली एक खोली, जिथे स्वतःचा आवाजही दाबून टाकल्यासारखा येतो. लोक आजोबांचं भाषण घेऊन येतात, पोरांची बोबडी बडबड घेऊन येतात, आणि जाताना सगळं पेनड्राइव्हवर खिशात टाकून नेतात. मूळ वस्तू ठेवू की टाकू, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. मी सांगते, ठेवा. कुणी ठेवत नाही. विचारतात ते आपली रीत म्हणून.

शेवटी तोड निघाली. मी सगळ्या तबकड्या उतरवून घ्यायच्या, फाइल दोघांकडे राहतील, मग दादा कपाट रद्दीवाल्याला देईल. मी हो म्हटलं, कारण खरं कारण त्याला सांगण्याची माझी तयारी नव्हती.

आई गेली तेव्हा मला चालताही येत नव्हतं. दादा शाळेत जात होता. आईचे फोटो आहेत, तिनं विणलेला स्वेटर आहे, पण आवाज नाही. घरात टेपरेकॉर्डर आला तो ती गेल्यावर. मी जगभरच्या आया कानानं ऐकल्या, त्यांची खरखर काढली, त्यांना स्वच्छ करून त्यांच्या मुलांच्या हातात दिलं. माझी तेवढी राहिली. लहानपणी मी दादाला विचारायचे, आई कशी बोलायची? तो म्हणायचा, बोलायची तशी बोलायची. मोठेपणी विचारलं तर म्हणाला, आठवत नाही. त्याला आठवत होतं. आईच्या बाबतीत तो पहिल्यापासून कंजूष होता, आणि त्याबद्दल मी त्याला कधीच माफ केलेलं नाही. या तबकड्या निदान तिच्या कानावरून गेलेल्या होत्या. माझ्या वाट्याला तेवढंच होतं.

पहिली तबकडी मी नेहमीसारखी धुतली, पुसली, वाळवली आणि लावली. प्लेअरमधून वायर सरळ कॉम्प्युटरला जाते. खोलीत माइक नसतोच. सुईला जेवढं लागेल तेवढंच फाइलमध्ये जातं. पहिलं गाणं संपलं. दोन गाण्यांच्या मध्ये तबकडीवर कोरी पट्टी असते, तिथे फक्त खरखर ऐकू यायला हवी.

हेडफोनमध्ये कपात चमचा फिरला.

मी थांबले नाही, कारण चालू काम मध्येच थांबवायचं नसतं. पुढच्या कोऱ्या पट्टीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग मी शेजारच्या दुकानातल्या काकांना बोलावलं. ते प्लेअर दुरुस्त करतात आणि त्यांचा देवावरही विश्वास नाही, फक्त सोल्डरिंगवर आहे. त्यांच्यासमोर तबकडी पुन्हा लावली, तर कोऱ्या पट्टीत नुसती खरखर. फाइल ऐकवली, तर तीत चमचा होता आणि खुर्चीही होती. काकांनी वायर तपासली, मान हलवली आणि म्हणाले, कारखान्यातली चूक असेल, जुन्या मालात काहीही निघतं. पण मग ती दुसऱ्यांदा का वाजली नाही, असं मी विचारलं. त्यांना सोल्डरिंग आठवलं.

मी माझ्या परीनं छडा लावला. तेच गाणं डाउनलोड केलं. स्वच्छ होतं. एका जुन्या गिऱ्हाइकाकडून त्याच तबकडीची दुसरी प्रत मागून आणली. तीही स्वच्छ निघाली. बाबांच्या तबकड्यांमध्येच ते होतं, आणि प्रत्येक तबकडी ते एकदाच देत होती. फाइलमध्ये उतरलं की तबकडी रिकामी. सगळ्यांना मूळ ठेवा म्हणून सांगणारी मी, माझ्याकडे रिकाम्या मूळ वस्तूंचा ढीग वाढत होता.

पुढच्या तबकड्यांत दाराची कडी वाजली, नळ सुटला, कुणीतरी पायांत चपला सरकवल्या. मग एक मूल रडायला लागलं. ते रडणं दोन-तीन तबकड्या चाललं, गाण्यांच्या मधल्या फटींतून. आणि एका सकाळी, बाहेर दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असताना, एक बाई म्हणाली, "ठके, पुरे आता."

ठकी म्हणजे मी. या नावानं मला बाबा हाक मारायचे, आणि आता कुणीच मारत नाही.

मी खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि हमसून हमसून रडले. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं असावं. आवाज बारीक होता, गोड होता, वाक्याच्या शेवटी जरासा वर जाणारा. मला वाटलं होतं त्याहून तरुण. मग लक्षात आलं, ती तरुणच होती, आजच्या माझ्याहून कितीतरी लहान.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. रोज एक तबकडी. "ठके, इकडे बघ." "ठके, झोप आता." "कुठे लागलं माझ्या ठकीला?" मी सगळे तुकडे फोनवर घेतले आणि येता-जाता ऐकायला लागले. भाजी निवडताना उत्तरंही द्यायला लागले. मूल हळूहळू रडायचं थांबलं.

दोन गोष्टी खटकत होत्या, आणि मी त्यांच्याकडे काणाडोळा केला. एक म्हणजे, सुरुवातीला ती गाणं संपायची वाट बघायची. मग गाणं संपता संपता बोलायला लागली. मग शेवटच्या कडव्यावरच. दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. प्रत्येक खोलीचा आवाजाला एक वास लागतो. चमचा, कडी, नळ, सगळ्याला बाबांच्या घराच्या उंच छताचा घुमारा होता. तिच्या आवाजाला नव्हता. तो कोरडा होता, दाबलेला. फोम लावलेल्या खोलीत बोलल्यासारखा.

जुनी तबकडी, झिजली असेल, असं मी मनाला सांगितलं. गिऱ्हाइकाला मी असं कधी सांगितलं नसतं.

दादाला मी बोलावलं ते थोडं मिरवायलाच. तो आला, उभ्या उभ्या चहा प्यायला, कपाट केव्हा न्यायचं विचारलं. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि हेडफोन दिले. सगळ्यात लांब तुकडा लावला, ती गुणगुणते तो. दादा ऐकत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं, रडेल.

त्यानं हेडफोन काढले. "कोण आहे ही?"

"कोण म्हणजे? आई."

"ही आई नाही."

मी म्हटलं, पुन्हा ऐक. त्यानं पुन्हा ऐकलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मान हलवली. मग माझा तोल गेला. इतकी वर्षं तू तिला एकट्यानं दाबून ठेवलंस, आता मला कुठून तरी घोटभर मिळाली तर तीही तुला बघवत नाही, असं मी त्याला सुनावलं. आणखीही बरंच बोलले. त्याच्या बायकोपर्यंत गेले. न वाजवलेल्या तबकड्यांचा गठ्ठा त्याच्या शेजारी होता, त्यावर त्यानं हात ठेवला होता.

"आईचा आवाज भरडा होता," तो म्हणाला. "पुरुषी म्हण. लोक फोनवर तिला बाबा समजायचे. आणि बोलायच्या आधी ती खाकरायची. असं." त्यानं तोंड मिटून घशातल्या घशात, आखूड असा आवाज काढला. "मी शाळेतून आलो की खाकरून म्हणायची, दप्तर जागेवर ठेव. रोज. एवढंच म्हणायची. मला काही तिनं कधी गाऊनबिऊन दाखवलं नाही."

इतक्या वर्षांत आईबद्दल त्यानं उच्चारलेली ही सगळ्यात जास्त वाक्यं होती. फोमच्या खोलीत ती जिथल्या तिथे पडून राहिली.

"ही जी कोण बाई आहे, तिला पुसून टाक," जाताना तो म्हणाला. "गाणी तेवढी ठेव. नाहीतर गाणीही नकोत, डाउनलोड करू."

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठ्यातली वरची तबकडी लावली. गाणं सुरू झालं. कडव्यामागून कडवं गेलं. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. गाणं पुरतं संपलं आणि कोरी पट्टी आली.

ती बोलली, एकच वाक्य दोनदा.

मी फाइल कॉम्प्युटरवर उघडली. आवाजाची रेघ पडद्यावर पसरली. एकच गोष्ट दोनदा म्हटलेली असली की बिघडलेली कापायची आणि जमलेली ठेवायची, ही माझ्या हाताची सवय. वर्षानुवर्षं लोकांची भाषणं मी अशीच सुधारत आले. हात चालत गेला. कापून झाल्यावर मला कळलं मी काय करते आहे. तरी फाइल मी दादाला पाठवली.

तासाभरात तो दुकानात हजर. रिक्षानं आला होता, वरचे सुटे पैसे घ्यायलाही थांबला नव्हता. डोळे लाल. त्यानं माझा हात धरला, जो त्यानं बाबांना नेतानाही धरला नव्हता.

"हीच," तो म्हणाला. "ठके, हीच आई. खाकरणंसुद्धा."

मी म्हटलं, दादा, तू काल इथे बसून जे बोललास, शब्दन्‌शब्द तेच आहे ते. तो म्हणाला, असणारच, ती तेच म्हणायची. मी म्हटलं, आपण उरलेल्या तबकड्या रद्दीवाल्याला देऊन टाकू, आजच. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या ताटात माती कालवली. यातली एकही तबकडी घराबाहेर जाणार नाही, असं त्यानं मला बजावलं. कपाट त्याच्या बैठकीत आलं. सोफा गेला.

मी तबकड्या उतरवते आहे. दादा रोज विचारतो, आज काही आलं का. येतं. भरडा आवाज, आधी खाकरणं. जेवलास का. पाय धुऊन ये. बाबांना हाक मार. तो अधूनमधून मला लहानपणीचं काहीतरी सांगतो, भरभरून सांगतो, आता त्याच्या तोंडाला खीळ राहिलेली नाही, आणि दोन-चार दिवसांत ते कुठल्यातरी कोऱ्या पट्टीत ऐकू येतं. मी त्याला म्हटलं, इथे बसून बोलू नकोस. त्याला वाटतं मी जळते.

जळतेच. त्या दिवसापासून कुठल्याही तबकडीत ठके म्हणून कुणी हाक मारलेली नाही. फोनवरचे जुने तुकडे मी लावून बघितले. मूल रडतं, नळ वाहतो, आणि ती जिथे बोलायची तिथे नुसती खरखर आहे.

माझ्याकडे तिचं एवढंच उरलंय, त्या दिवशी कापलेला तुकडा. तो मी दादाला ऐकवलेला नाही. त्यात माझीच ती, बारीक, गोड. आधी खाकरते, जरा जास्तच मोठ्यानं. मग म्हणते, "दप्तर जागेवर ठेव." मग थोडा वेळ काही नाही.

मग, अगदी कानाशी, हळूच विचारते, "असं?"